शब्द नसलेले माहितीपट पाहून स्वतःबद्दल खरंच काही कळतं का, की ती नुसती सुंदर दृश्यांची माळ असते?

कळतं, पण माहितीपट ते सांगत नाही. निवेदक गप्प बसला की त्याचं काम आपलं डोकं हाती घेतं, आणि डोक्यात एरवी चाललेली शेरेबाजी आपल्यालाच ऐकू यायला लागते.

रॉन फ्रिक यांचा 'बराका' (१९९२) घ्या. २४ देशांत चित्रण केलंय, पण संवाद नाहीत आणि हे ठिकाण कुठलं हे सांगणारी पाटीही नाही. त्यात एका कारखान्यात कोंबडीची पिल्लं सरकत्या पट्ट्यांवरून घरंगळत जातात, त्यांच्या चोची डागल्या जातात. मध्येमध्ये सरकत्या जिन्यांवरून निघालेली माणसांची गर्दी. प्रथम पाहिलं तेव्हा मला पिल्लांची कीव आली आणि माणसांचा राग. बऱ्याच काळाने पुन्हा पाहताना त्याच गर्दीतले थकलेले चेहरे दिसायला लागले, आणि राग कुठल्या कुठे गेला. दृश्यं तीच होती. निवेदक असता तर दोन्ही वेळा त्याचंच मत घेऊन उठलो असतो.

म्हणून असे माहितीपट निःपक्षपाती असतात असं मात्र समजू नका. पिल्लांशेजारी माणसं आणून ठेवणं ही संकलकाची टिप्पणीच आहे, आणि ती चांगलीच बोचरी आहे. संगीत तर त्याहून चतुर. गॉडफ्री रेजिओ यांच्या 'कोयानिस्कात्सी'मध्ये (१९८२) शहराची प्रचंड वेगात पळणारी दृश्यं येतात, तेव्हा जीव घाबरा होतो. तोच भाग आवाज बंद करून पाहा. रात्रीच्या वाहनांचे दिवे चक्क देखणे वाटतात. आपल्या धास्तीत फिलिप ग्लास यांच्या संगीताचा वाटा किती, याचा अंदाज येतो.

माझा स्वतःचा ओढा कंटाळवाण्या माहितीपटांकडे जास्त आहे. 'इन्टू ग्रेट सायलेन्स' (२००५) पूर्ण निःशब्द नाही, पण जवळपास तसाच. दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी १९८४ मध्ये फ्रेंच आल्प्समधल्या एका ख्रिस्ती मठाकडे चित्रणाची परवानगी मागितली. ती सुमारे १६ वर्षांनी मिळाली. मग त्यांनी तिथे एकट्याने राहून, कृत्रिम प्रकाश न वापरता चित्रण केलं. लांबी अडीच तासांहून जास्त, पार्श्वसंगीत नाही. अर्ध्या तासात हात फोनकडे जातो. नेमकं कशापासून पळायचंय म्हणून तो गेला, हा प्रश्न तिथे आपसूक पडतो. 'संसारा'सारख्या (२०११) अतिदेखण्या माहितीपटात माझं तसं होत नाही. डोळे इतके खूश असतात की मनाला बोलायला जागाच उरत नाही.

पाहताना 'हे कुठलं ठिकाण?' म्हणून शोधत बसू नका, समीक्षाही नंतर वाचा. सुरुवात 'बराका'ने करा, दीड तासाच्या आसपास आहे. फक्त त्यात जळती प्रेतं आणि नरसंहाराच्या जागा काही पूर्वसूचना न देता समोर येतात, त्यामुळे मन आधीच जड असेल तर तो दिवस टाळा.