वाचकांचे प्रश्न : जोड दिलेल्या बॅटने चेंडू खरोखर लांब जातो का?

प्रश्न : शाळेच्या संघासाठी यंदा बॅटी घ्यायच्या आहेत. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे दोन-तीन फळ्या चिकटवून केलेल्या लॅमिनेटेड बॅटला सलग लाकडाच्या बॅटपेक्षा जास्त स्ट्रोक, म्हणजे चेंडू लांब धाडण्याची ताकद, असतो. आमच्या तालुक्यातील एक जुने प्रशिक्षक मात्र ‘जोडाच्या बॅटला हात लावू नका’ असे बजावतात. जेवढ्या पैशांत इंग्लिश विलो या लाकडाची एक चांगली बॅट येते, तेवढ्यात लॅमिनेटेड बॅटी तीन-चार येतात. खरे काय मानावे? आणि अशी बॅट सामन्यात चालते का?
— एक क्रीडाशिक्षक, शहादा

उत्तर : सर, जोडामुळे चेंडू लांब जात नाही, आणि जोड नीट बसलेला असेल तर केवळ त्याच्यामुळे तो जवळही पडत नाही. चेंडू किती वेगाने सुटेल हे ठरते ते जिथे चेंडू लागतो तिथल्या पात्याच्या वजनावर, त्या क्षणी बॅट किती वेगात आहे यावर आणि धक्क्यातली किती शक्ती पात्याच्या थरथरण्यात वाया जाते यावर. सीझन बॉल (कातडी आवरणाचा कठीण चेंडू) आणि बॅट यांची गाठ साधारण एक सहस्रांश सेकंदच पडते आणि तेवढ्या वेळात दबून पुन्हा फुगताना चेंडू स्वतःच बरीच शक्ती गिळून टाकतो. पोकळ धातूच्या बॅटचा पातळ पत्रा आत दबून उसळतो आणि चेंडूला मागे ढकलतो. विलोचे भरीव आणि जाड पाते तसे जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे एका फळीच्या तीन केल्या म्हणून त्यात नवी उसळी कुठून येणार?

लाकडाखेरीज दुसरे काही पात्यात आले, तर मात्र चित्र बदलू शकते आणि खेळाचे नियम करणारा मेरिलीबोन क्रिकेट क्लब त्याबाबत नेहमीच सावध राहिला आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरले. त्या बॅटने चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडचे कर्णधार माइक ब्रेअर्ली यांनी केली आणि पुढे पाते केवळ लाकडाचेच असावे, असे नियमातच लिहिले गेले. पुढे ऑस्ट्रेलियाचेच रिकी पाँटिंग यांच्या बॅटच्या पाठीवरील ग्राफाइटच्या पट्टीलाही क्लबने हरकत घेतली. लॅमिनेटेड बॅट या प्रकारात मोडत नाही, कारण तिच्यात लाकडाला लाकूडच जोडलेले असते. शिवाय प्रत्येक बॅटची मूठ जोडाचीच असते. वेताच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये रबर किंवा कॉर्क, हे सारे चिकटवून झाल्यावर ती मूठ पाचरीसारखी पात्यात बसवलेली असते. जोड वाईट, एवढेच खरे असते तर कोणतीही बॅट एक हंगाम टिकली नसती.

तरीही आपल्या जुन्या प्रशिक्षकांचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही, कारण ते बहुधा खराब जोडाच्या बॅटी पाहून बोलत असावेत. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. याचा अर्थ असा की, पात्याचे जाडीत दोन समान भाग केले आणि त्यांच्यामधला चिकटपदार्थ सुटला, तर ते दोन भाग मिळून मूळ पात्याच्या फक्त एक चतुर्थांश ताठ उरतात. जोड जिथे सुटतो तिथे पाते चेंडूखाली वाकते, फळ्या एकमेकींवर सरकतात, शक्ती थरथरीत आणि आवाजात जाते आणि फलंदाजाच्या हातांना झिणझिण्या येतात. बॅट मेली असे मुले म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते. जोड पूर्ण आणि कडक असेल, तर मात्र ते पाते एकाच लाकडाप्रमाणे वागते.

आता लाकडाकडे वळू, कारण खरा फरक तिथे पडतो. इंग्लिश विलो हलकी असते. काश्मीरची विलो सामान्यतः तिच्यापेक्षा घट्ट आणि जड असते, म्हणून त्याच आकाराची काश्मिरी बॅट हातात जड लागते किंवा वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कारागिराला तिची पाठ आणि कडा उतरवाव्या लागतात. पुढे इंग्लिश विलोची फळी आणि मागे काश्मिरी विलो अशी बांधणी केली, तर वजन दोन्हींच्या मधोमध कुठेतरी येते आणि किंमतही. विलो मुळात मऊ लाकूड असल्यामुळे पाते यंत्राखाली दाबतात आणि दाबाने कठीण होतो तो पृष्ठभागालगतचा थर. म्हणून पुढची फळी पुरेशी जाड आणि नीट दाबलेली असेल, तर मागे काय लाकूड आहे याचा परिणाम स्ट्रोकपेक्षा वजनावर आणि तोलावर अधिक होतो. ती फळी अगदी पातळ असेल तर ती शोभेपुरतीच उरते आणि ती घेण्यात अर्थ नाही.

दुकानात बॅटच्या बुडाकडे पाहावे. लाकडाच्या रेषा पुढून मागपर्यंत अखंड गेल्या असतील, तर पाते सलग आहे. मध्येच रेषांची दिशा किंवा लाकडाचा रंग बदलला, तर तिथे जोड आहे. इंग्लिश विलो फिकट असते, काश्मिरी काहीशी तांबूस-करडी. बुडावर रबर किंवा कडांवर रुंद स्टिकर असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे. जोडाच्या रेषेवरून नख फिरवावे आणि ते कुठे अडकले, तर ती बॅट परत ठेवावी. मग लाकडी हातोडीने पात्यावर बुडापासून वरपर्यंत हळूहळू ठोकत जावे. आवाज मध्येच फुटका किंवा खुळखुळल्यासारखा आला, तर आत जोड सुटलेला असण्याची शक्यता मोठी.

नियमांविषयी सांगायचे, तर क्लबच्या नियमावलीत बॅटचे ए, बी, सी आणि डी असे प्रकार आहेत. ए प्रकार कोणत्याही पातळीवर चालतो आणि इतर प्रकार त्या-त्या देशाच्या नियामक संस्थेने ठरवलेल्या पातळीपर्यंतच चालतात. जोडाच्या पात्याची मुभा पूर्वी मुलांच्या (कनिष्ठ) आकारांपुरती होती. इंग्लिश विलोच्या वाढत्या किमती लक्षात घेऊन १ ऑक्टोबर २०२६ पासूनच्या नव्या आवृत्तीत क्लबने ती प्रौढांच्या हौशी क्रिकेटलाही दिली आहे. आकाराची मर्यादा सर्वांना सारखीच आहे : लांबी ९६.५२, रुंदी १०.८, जाडी ६.७ आणि कडा ४ सेंटिमीटर, यांहून अधिक नको. तरीही आंतरशालेय स्पर्धेपूर्वी आयोजकांची किंवा जिल्हा संघटनेची नियमपत्रिका वाचून घ्यावी, म्हणजे नाणेफेकीनंतर वाद होणार नाही.

आपल्या जागी मी असतो तर तीन-चार लॅमिनेटेड बॅटीच घेतल्या असत्या, मात्र त्या वेगवेगळ्या आकारांच्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खेळाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते आकाराने मोठ्या आणि बुडाकडे जड असलेल्या बॅटमुळे. तिचा भार त्याच्या मनगटांना पेलत नाही, त्यामुळे तो उशिरा पोहोचतो, सरळ बॅटने खेळायचे सोडून चेंडू आडवा ओढू लागतो आणि लागलेली सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट समोर आडवी धरायला सांगा. काही क्षणांतच टोक खाली झुकले, तर ती बॅट कितीही नामांकित असली तरी त्या मुलासाठी नाही. वजन मोजताना काटा पुरेसा नाही, कारण तेवढ्याच वजनाच्या दोन बॅटींत ज्या बॅटचा भार बुडाकडे आहे ती फिरवायला जड जाते. हलक्या आणि योग्य मापाच्या बॅटने एखादा फटका दोन पावले अलीकडे पडला तरी चालेल, पण तो मधोमध लागला पाहिजे. संपूर्ण संघाने एकाच महागड्या बॅटची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्येक मुलाला त्याच्या मापाची बॅट रोज तासभर हातात मिळणे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : माझ्या मुलाच्या लॅमिनेटेड बॅटची कड मे महिन्यात जोडावरून उलली. ती पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेली होती. बॅट सदोष होती का? आमच्याकडे घाण्याचे जवसाचे तेल मिळते, ते लावावे का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : बॅट सदोष असेलही, पण जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ताप त्याहूनही जास्त असतो. तिथे चांगली बॅटही धोक्यात येते. कोरड्या उष्णतेत लाकडातला ओलावा उडतो आणि लाकूड आकसते. दोन वेगवेगळी लाकडे एकाच प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून जोडाच्या रेषेवर ताण येतो. पुढे पावसाळ्यात ओल्या मैदानावर बुड पाणी शोषून फुगते आणि तोच जोड उलट दिशेने ओढला जातो. सलग पात्याला हा त्रास तडकण्याच्या रूपाने होतो, जोडाच्या पात्याला उलण्याच्या रूपाने.

जवसाचे कच्चे तेल विलोला मानवते, आपल्या भागात ते ताजे मिळते हेही चांगलेच. मात्र उकळून त्यात सुकवणारी द्रव्ये घातलेले रंगकामाचे तेल नको. मऊ फडक्यावर चमचाभर तेल घेऊन ते पात्याच्या दर्शनी भागावर आणि कडांच्या उघड्या लाकडावर पातळ पुसावे, बॅट दिवसभर आडवी ठेवावी आणि उरलेले तेल पुसून काढावे. मूठ जिथे पात्यात शिरते ती जागा आणि फळ्यांच्या जोडाची रेषा यांवर तेल जाऊ देऊ नये, कारण तिथे मुरलेले तेल चिकटपदार्थाची पकड ढिली करते. दर्शनी भागावर पारदर्शक शीट चिकटवलेली असेल, तर तिच्यावर तेलाचा काही उपयोग नाही. दर आठवड्याला तेल चोपडणारे पालक मी पाहिले आहेत. त्याने बॅट जड होते आणि आवाज दबतो, म्हणून हंगामात दोन-तीनदा हलका हात पुरे.

उललेली कड फार रुंद नसेल, तर चांगला सुतार किंवा बॅट दुरुस्त करणारा कारागीर फटीत चिकटपदार्थ भरून शिकंजात आवळून देईल. त्यावर पातळ पट्टी गुंडाळता येते, पण ती एक मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. फट पात्याच्या मधोमध शिरली असेल तर त्या बॅटने सीझन बॉल खेळू नये. यापुढे बॅट घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून जरा दूर ठेवावी, आणि मोटारीच्या डिकीत दुपारभर तर मुळीच राहू देऊ नये.

प्रश्न : आम्ही रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धा खेळतो. त्यासाठी जोडाची बॅट चालेल का, आणि तीच सीझन बॉलला वापरता येईल का?
— एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : टेनिस बॉलला उत्तम चालेल. तो चेंडू जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. हलका चेंडू पात्यावर फारसा आघात करत नाही, त्यामुळे जोडाला धोका कमी आणि बॅटचा वेग हेच सर्वस्व. म्हणूनच टेनिस बॉलच्या बॅटींची पाठ कोरून त्या हलक्या केलेल्या असतात. अशा कोरलेल्या बॅटवर सीझन बॉल घेऊ नकोस. कोरलेल्या जागी पाते पातळ असते आणि यॉर्करवर (पायाशी टप्पा पडणाऱ्या चेंडूवर) बुडापाशी पहिला तडा तिथेच जातो. दोन्ही खेळायचे असतील तर सीझन बॉलसाठी वेगळी, न कोरलेली बॅट ठेव आणि ती सामन्यात नेण्यापूर्वी जुन्या चेंडूने व लाकडी हातोडीने काही तास नॉकिंग कर, म्हणजे पाते हळूहळू ठोकून तयार कर. कडा आणि बुडाजवळचा दर्शनी भाग यांच्यावर हातोडी जरा हळू मार, पण त्या जागा वगळू नकोस.