कासवाचं लांछन

खारघरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाचा विषय होता ‘निरनिराळ्या संस्कृतींच्या कलेतली प्रतीकं’, म्हणून ते तिला घेऊन ठाण्याला टेंभी नाक्याच्या जैन मंदिरात गेले. तिथं कुणीतरी तीर्थंकरांच्या मूर्तीकडे बोट दाखवून सांगितलं, ‘मुनिसुव्रतस्वामींचं लांछन कासव.’ मुलीनं ते तसंच वहीत उतरवलं. शाळेत बाईंनी ‘लांछन’वर लाल फुली मारली आणि वर ‘प्रतिक’ लिहून दिलं. तर बरोबर काय? लांछन, चिन्ह की प्रतीक?

आधी बाईंचं बघू. फुली त्यांच्याच शब्दावर पडायला हवी होती. प्रतीक, ‘ती’ दीर्घ. फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेत, सत्काराच्या मानपत्रात हा ऱ्हस्व ‘प्रतिक’ रोज भेटतो. मुलाचं नावच तसं ठेवलं असेल तर माझा इलाज नाही. पण बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शब्दात प्रति + अञ्च् आहे, ‘आपल्याकडे तोंड केलेला’. ऋग्वेदात प्रतीक म्हणजे सरळ चेहरा, दर्शनी रूप: चिलखत चढवून रणात निघालेल्या वीराचं ‘प्रतीक’ मेघासारखं दिसतं, असं सहाव्या मंडलात आहे. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, तोच शब्द अवयव म्हणून येतो. आपला आजचा अर्थ खूप नंतरचा, आणि वापर तर बेसुमार. फ्लेमिंगो नवी मुंबईचं प्रतीक, कमळ पावित्र्याचं प्रतीक, मिसळ मराठी बाण्याचं प्रतीक. असो.

आता लांछन. हा प्रश्न मी आमच्या भाषाप्रेमींच्या ग्रुपवर टाकला, तर एका निवृत्त प्राध्यापकांनी दोन मिनिटांत निकाल दिला: लांछन म्हणजे डाग, देवाच्या बाबतीत तो शब्द गैर, मंदिरवाल्यांनी ‘चिन्ह’ म्हणायला शिकावं. सर, मंदिरवाले हा शब्द शतकानुशतकं बरोबर वापरत आलेत. बिघडला तो आपल्याकडे.

जैनांच्या तीर्थंकरांच्या मूर्ती पाहिल्यात ना? चोवीस तीर्थंकर, सगळे पद्मासनात किंवा उभे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच शांती. ऋषभनाथांच्या खांद्यावर रुळणाऱ्या जटा आणि पार्श्वनाथांच्या डोक्यावरचा नागफणा सोडला, तर कोण कुठले हे चेहऱ्यावरून कळायची सोय नाही. मथुरेच्या कुषाणकाळातल्या मूर्तींवर लांछन नाहीच, तिथं कोरलेला लेख वाचावा लागतो. पुढं बैठकीवर मधोमध एक छोटी खूण कोरायची पद्धत पडली. ऋषभनाथांचा बैल, नेमिनाथांचा शंख, महावीरांचा सिंह, मुनिसुव्रतांचं कासव. म्हणून आधी मूर्तीच्या पायाशी वाकून बघावं लागतं. ती खूण म्हणजे लांछन, आणि मूर्तींच्या अभ्यासात तिचा रुळलेला शब्द हाच.

इथं ‘कासव म्हणजे संयमाचं प्रतीक’ असलं प्रकल्पछाप वाक्य मुलीला लिहू देऊ नका. गंगेच्या शेजारी उभी असलेली यमुना कासवावर असते, तिथं ते वाहन. विष्णूचं कूर्म रूप म्हणजे तर प्रत्यक्ष देव. शंकराच्या देवळात फरशीत बसवलेल्या कासवाला हात लावून आपण पुढं जातो. चीनमध्ये सापाचा विळखा पडलेलं कासव उत्तर दिशा राखतं. सिंहाचंही तेच. बैठकीवर असला की महावीर ओळखायचे, देवीच्या पायाशी असला की वाहन, आणि चर्चच्या काचेवर पंख लावून बसला की संत मार्क. प्राणी एकच, पण प्रत्येक ठिकाणी नोकरी वेगळी.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो, त्यासाठीच हे उत्तर लिहायला घेतलं. लांछन आणि लक्ष्मी या सख्ख्या बहिणी आहेत.

संस्कृतात ‘लक्ष्मन्’ म्हणजे खूण. लक्षण त्याच घरातलं, लक्ष्मी त्याच घरातली. अथर्ववेदात ‘पापी लक्ष्मी’ला ‘उडून जा इथून’ असं बजावलंय. म्हणजे लक्ष्मी ही मुळात नुसती खूण, चांगली असेल किंवा वाईट. कालिदासानं शकुंतलेच्या वर्णनात ‘मलिनमपि हिमांशोर्लक्ष्म लक्ष्मीं तनोति’ म्हणून दोघींना एका ओळीत आणून बसवलं: चंद्राचा मळका डागसुद्धा शोभाच वाढवतो. डाग तो लक्ष्म आणि शोभा ती लक्ष्मी! वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्कानं लक्ष्मीची व्युत्पत्ती सांगताना लाभ, लक्षण, लांछन, शिवाय लज्जेपर्यंत अर्धा डझन वाटा दाखवल्या. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेतल्या मुलासारखी सगळी उत्तरं लिहून ठेवतो, एखादं तरी बरोबर येईल म्हणून.

धातुपाठवाले, म्हणजे संस्कृत धातूंची यादी करणारे, आणखी पुढचे. त्यांनी ‘लाछि’ हा स्वतंत्र धातू दिला आणि अर्थ काय लिहिला? ‘लक्षणे’. घरातल्याच पोराचं दुसऱ्या नावानं रेशनकार्ड काढल्यासारखं झालं हे. माझं मत असं की लांछन हे लोकांच्या तोंडी वळलेलं लक्षणच आहे. प्राकृतात क्ष चा च्छ होतो: इक्षुचा उच्छु आणि मग आपला ऊस, कुक्षीची कुच्छि आणि मग कूस, मक्षिकेची मच्छिआ आणि मग माशी. लक्ष्मीची लच्छी तर झालीच. राहिला अनुस्वार. तोही प्राकृतात आगंतुकासारखा घुसतो: वक्रचा वंक, अश्रूचा अंसु. आपले जुने लोक ‘वांकडा’, ‘आंसू’ असं लिहीत ते उगाच नाही. लक्षचा लच्छ, लच्छचा लंछ, आणि मग पंडितांनी त्याला सोवळं नेसवून संस्कृतात परत घेतलं. हे सगळ्यांना पटत नाही. न पटो.

खूण आणि धन एका घरात कशी? माझ्या मते गोठ्यातून. पाणिनीनं एका सूत्रात (6.3.115) गुरांच्या कानांवरच्या मालकीच्या खुणा मोजल्यात. कुणाचा कान छेदलेला, कुणाच्या कानावर आठाचा आकडा, कुणाच्या कानावर स्वस्तिक. त्या खुणांना त्याचा शब्द ‘लक्षण’. ज्याची खूण जास्त गुरांवर, त्याच्याकडे लक्ष्मी! आणि तेच स्वस्तिक पुढं तीर्थंकर सुपार्श्वनाथांचं लांछन.

लांछनात शरम नव्हती याचा पुरावा हवा तर बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट काढा. नारायणाच्या प्रसादानं मिळालेल्या ‘वराहलांछना’च्या क्षणभर दर्शनानं सगळे राजे वश झाले, हे वाक्य ते जवळजवळ प्रत्येक दानपत्रात लेटरहेडसारखं छापतात. रानडुकराचं लांछन आणि केवढी मिजास!

मग नासलं कुठं? खापर मी चंद्रावर फोडतो. कवींनी त्याला शशलांछन, मृगलांछन म्हणून म्हणून डोक्यावर बसवलं. पण पांढऱ्याशुभ्र गोलावरची खूण बघणाऱ्याला डागच दिसणार. चंद्राच्या खुणेचा डाग झाला, डागाचा कलंक झाला आणि लांछन त्याच्याबरोबर वाहत गेलं. (चंद्रप्रभ तीर्थंकरांचं लांछन चंद्र. म्हणजे लांछनालाच लांछन!) ग्रीकांच्या ‘स्टिग्मा’चंही असंच झालं. टोचून उमटवलेली खूण हा मूळ अर्थ, आज समाजानं ठेवलेला बट्टा. पण ख्रिस्ताच्या जखमांचे वण संतांच्या हातावर उमटले की त्याच शब्दाचं अनेकवचन पूज्य होतं. आपल्याकडे लक्षणही अर्धं घसरलंच आहे. ‘पोराची लक्षणं दिसतायत’ म्हटल्यावर कुणी पेढे वाटत नाही.

हा शब्द मी एकदा परत रुळावर आणायला गेलो होतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालात गेटवरच्या मोराखाली मी हौसेनं ‘आपल्या सोसायटीचे लांछन’ असं छापलं. सेक्रेटरींचं आडनाव मोरे. दोन महिने लिफ्टमध्ये ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत.

तर तुमचा प्रश्न. चिन्ह कुठलंही: रस्त्यावरचं, बेरजेचं, निवडणुकीचं. एखादी वस्तू स्वतःपलीकडच्या गोष्टीच्या जागी उभी राहिली की प्रतीक. आणि मूर्तीची, राजाची ओळख पटवणारी ठरलेली खूण ते लांछन. तुमच्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं. लाल फुलीशेजारी पेन्सिलनं ‘लांछन: कासव’ पुन्हा लिहायला सांगा, आणि बाईंच्या शब्दातली वेलांटी तेवढी, त्या बघत नसताना, दुसरी करून टाका.