विचारा, सांगतो : गीझर तापत नाही, टपकतो, झटका देतो

दिवाळी झाली, इंदूरला सकाळची थंडी लागली आणि या महिन्यात पत्रं बहुतेक गीझरचीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं जरा लांब झालीयत, पण ती पूर्ण वाचा कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे.

काका, आमच्या २५ लिटरच्या गीझरमधून खदखद आवाज येतो, बत्ती लवकर विझते पण पाणी कोमटच. मिस्त्री म्हणतो एलिमेंट गेलं, नवीन टाका. टाकू का? – सुदामा नगर

थांबा, घाई करू नका. एलिमेंट जळालं असतं तर पाणी तापलंच नसतं. हा क्षाराचा प्रकार दिसतोय. आपल्याकडे नर्मदेचं पाणी बहुतेक भागात एक दिवसाआड येतं, मधे टाकीत बोरिंगचं चढवतात, आणि बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार भरपूर, ते पाणी तापलं की एलिमेंटवर पांढरा दगडासारखा थर धरतात. थर्मोस्टॅटची दांडी एलिमेंटच्या शेजारीच असते, तीही त्यात गाडली जाते, मग थराच्या आतला भाग आधी तापतो आणि थर्मोस्टॅटला वाटतं झालं पाणी गरम, तो लाइट तोडतो. आवाजही त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळतं त्याचाच.

उपाय असा की गीझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला जास्त करंटला आपोआप पडणारा खटका, पाडायचा (नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही), पाणी गार होऊ द्यायचं, वरून येणारं पाणी बंद करून टाकी रिकामी करायची आणि खालची प्लेट खोलून एलिमेंट बाहेर काढायचं. किराण्यात लिंबूसत्त्व मिळतं, ते एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम टाकून एलिमेंटचा फक्त तापणारा भाग त्यात काही तास बुडवून ठेवा, वायर जोडायची टोकं कोरडीच ठेवा, थर फसफसत सुटतो. टाकीच्या तळाचा गाळही काढून घ्या. काही मिस्त्री थेट तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड ओततात, ते करू देऊ नका, तांब्याचं एलिमेंट आणि टाकीचं आतलं कोटिंग दोन्ही त्याने खराब होतात. प्लेट परत बसवताना रबराचं गॅस्केट नवीन घ्या, जुनं परत लावलं की आठवड्यात तिथूनच पाणी गळायला लागतं. आणि प्लेट उघडलीच आहे तर मॅग्नेशियमची दांडी बघा, एनोड म्हणतात तिला, ती स्वतः झिजते म्हणून टाकीला गंज लागत नाही, नुसती तार उरली असेल तर बदला. बोरिंगचं पाणी असेल तर हे सगळं दरवर्षी थंडीच्या आधी करून घ्यायचं, आणि थर्मोस्टॅट ५५-६० डिग्रीच्या वर ठेवायचा नाही, कारण त्याच्या वर क्षार फार वेगाने बसतात.

आमच्या गीझरची बत्ती तासभर चालूच राहते तरी पाणी नीट तापत नाही, आवाज वगैरे काही नाही. – महू नाका

मग आधी व्होल्टेज मोजून घ्या. २००० वॉटच्या गीझरला २५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० ला न्यायला हिशोबाने ३५ मिनिटं लागतात, थोडा वेळ इकडेतिकडे. पण २३० च्या जागी १८० व्होल्ट येत असतील तर त्याची ताकद साठ टक्क्यांवर येते आणि तेच पाणी तासभर घेतं. सकाळी सगळ्या मोहल्ल्याचे गीझर एकदम चालू होतात तेव्हा हे होतं, तुमच्या गीझरचा त्यात काही दोष नाही.

गीझरच्या वरच्या पितळी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. प्लंबरने तिथे एंड कॅप लावून बंद करून दिलं, आता गळत नाही. बरोबर केलं ना? – रामबाग

नाही वहिनी, फार चूक केलं त्याने. हे वाचताय तेव्हाच गीझर बंद करा आणि कॅप काढल्याशिवाय चालू करू नका.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० वरून ६० डिग्रीवर गेलं की पावणेचारशे मिलीलिटरच्या आसपास जागा जास्त मागतं. आत येणाऱ्या पाण्याच्या बाजूला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो आणि नळ तुम्ही बंद ठेवलेला असतो, तर हे वाढलेलं पाणी जाणार कुठे? त्या सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच. म्हणजे तापताना टपकणं हे त्याचं कामच आहे, बिघाड नाही. आता तोंड बंद केल्यावर सगळा दाब टाकीवर येतो, आणि त्यात कधी थर्मोस्टॅट चिकटला, म्हणजे तोडायच्या वेळी लाइट तुटलाच नाही, तर पाणी शंभराच्या वर जातं पण दाबामुळे वाफ होत नाही, आणि टाकी फाटली की ते सगळं एका क्षणात वाफ होऊन बाहेर येतं. भिंतीसकट गीझर उखडतो. थर्मोस्टॅटनंतर कटआउट, म्हणजे पाणी फारच तापलं तर लाइट तोडणारा दुसरा स्विच असतो हे खरं, पण दोन्ही त्याच क्षाराच्या पाण्यात राबतात. शेवटचा भरवसा तो पितळी व्हॉल्व्हच आहे आणि तोच त्याने बुजवून टाकला, मला खरंच राग येतो अशा कामाचा.

गळणं त्रासाचं वाटत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटी नळी लावून मोरीत सोडा, नळीचं टोक उघडं ठेवा. गीझर बंद असतानाही चोवीस तास धार लागत असेल तर मात्र दोन कारणं, एक तर व्हॉल्व्हमध्ये क्षाराचा कण अडकलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. व्हॉल्व्ह तेवढ्याच दाबाचा नवीन घ्या, तुमच्या गीझरवर लिहिलेलं असतं किती बार (दाबाचं माप) ते, महाराणी रोडला सहज मिळेल.

गीझर एकदम बंद पडला, लाइट येतोय पण बत्ती लागत नाही. – लोकमान्य नगर

कटआउट पडला असेल. एमसीबी पाडून खालचं झाकण काढा, छोटं बटण दिसेल, दाबलं की टक होतं. एकदा पडला तर चालेल, पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट बदला, रोज बटण दाबत बसू नका. कटआउट काढून डायरेक्ट वायर जोडून देतो म्हणणाऱ्याला तर घरातच घेऊ नका.

जुनं घर आहे, बाथरूमचा नळ हाताला झिणझिण्या देतो. एमसीबी लावलेला आहे तरी असं कसं? – नारायण बाग

एमसीबी तुमच्यासाठी नाही हो दादा, वायरसाठी आहे. गीझर साधारण ९ अँपियर घेतो, १६ चा एमसीबी त्याच्या वर गेल्याशिवाय पडत नाही, आणि माणूस दगावायला अँपियरचा अगदी छोटा अंश पुरतो. त्यासाठी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी लागतो, करंट दुसऱ्या वाटेने निसटला की तो क्षणात लाइट तोडतो. तो लावा, हा खर्च टाळू नका.

आता झिणझिण्यांचं. एलिमेंटला चीर गेली की करंट पाण्यात उतरतो, अर्थिंग चांगलं असेल तर तो तिकडून जातो, नसेल तर तुमच्यातून. आणि जुन्या घरांत एक गोष्ट नेहमी सापडते, अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची, मग कधीतरी पाइप बदलून प्लास्टिकचे टाकले, प्लंबरने आपलं काम केलं आणि अर्थिंग तिथेच संपलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. वायरमनला बोलवून अर्थिंग मोजून घ्या, लागलं तर नवीन खड्डा करून घ्या. तोवर पाणी गॅसवर तापवा. झटका बारीक आहे म्हणून चालवून घेऊ नका, ओल्या अंगाला तो बारीक राहत नाही.

मुलगा इंदूरला भंवरकुआंजवळ खोली घेऊन शिकतो. तिथे बाथरूमच्या आतच गॅस गीझर आहे, खिडकी बारीकशी. तो म्हणतो आंघोळ करताना डोकं जड होतं. – देवासहून एक आई

ताई, आजच त्याला फोन करा. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग चक्कर, मग पायातली ताकद जाते आणि कडी उघडण्याइतकंही बळ राहत नाही. मुलाला जे होतंय ती याचीच सुरुवात असू शकते. एक्झॉस्ट फॅन लावून हे सुटत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लागला पाहिजे आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आला पाहिजे, घरमालकाशी तुम्ही स्वतः बोला, मुलं लाजतात. ते होईपर्यंत त्याने तो गीझर लावूच नये, कोणाच्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली आणावी, आणि आंघोळ करताना डोकं जड झालंच तर लगेच मोकळ्या हवेत बाहेर यावं आणि डॉक्टरला गॅस गीझरचं सांगावं, नुसतं डोकं दुखतंय म्हणून गोळी घेऊ नये.