‘ब्रेक राहू द्या, फक्त एसी करा’

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं नाशिकमध्ये सातपूरला गॅरेज आहे. एका ग्राहकाने चौदा वर्षं जुनी हॅचबॅक एसीचा गॅस भरायला आणली. रविवारी घरच्या पाच माणसांना घेऊन लग्नासाठी मुंबईला जायचंय. गाडी लिफ्टवर घेतली तर पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड संपून त्यांचा पत्रा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासतोय. मागच्या उजव्या चाकाला आतून ब्रेक ऑइलची ओल आहे, डाव्या बॉल जॉइंटला (चाक वळवणारा सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला तार दिसेपर्यंत झिजलेत. ग्राहक म्हणतो, ‘दोन वर्षं अशीच चालतेय, फक्त एसी करा.’ गाडी अडवून ठेवता येते का?

उत्तर : अडवता येत नाही, गाडी त्याची आहे. पण फक्त एसी करून द्यायला तुम्ही नकार देऊ शकता आणि तो द्याच. एसी थंडगार करून गाडी सोडली, तर घरचे लोक ‘गॅरेजमधून नीट होऊन आलीय’ अशा भरवशाने तिच्यात बसतील आणि कसारा घाट उतरतील.

‘दोन वर्षं चालतेय’ हे खरं असतं, आणि त्याचं कारण ग्राहकाला समजावणं हे अर्धं काम आहे. नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं आणि ३ मिलिमीटरच्या खाली गेलं की पॅड बदलायचे. पॅड झिजत जातात तसा पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे ब्रेक ऑइल भरतं आणि ऑइलच्या डब्यातली पातळी उतरून लाल दिवा लागतो. कुणीतरी वरून ऑइल ओततं, दिवा विझतो आणि पॅडकडे कुणीच बघत नाही. ब्रेक रोज थोडे थोडे कमी होत जातात, पायालाही त्याची सवय होते.

या गाडीत आणखी एक गोष्ट वाईट जुळून आलीय. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दोन लाइनी तिरप्या असतात : पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका लाइनवर, उरलेली दोन दुसऱ्या लाइनवर. इथे नेमकी एकाच लाइनवरची दोन्ही चाकं बिघडलीत. घाटात पेडल जोरात दाबलं आणि मागच्या चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराने दगा दिला, की ती लाइन गेली. पेडल खोल जाईल आणि भरलेली गाडी उरलेल्या दोन चाकांवर थांबवावी लागेल. त्याच वेळी ब्रेकचा झटका त्या ढिल्या बॉल जॉइंटवर येतो. जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी उपयोग होत नाही.

हे काउंटरवर बसून सांगू नका, ग्राहकाला चाकाजवळ न्या. वर-खाली धरून चाक हलवून दाखवा. मग मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा : प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बहुतेक बॉल जॉइंट. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मध्ये टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून उचला, फट डोळ्यांना दिसते. डिस्कवरच्या चऱ्यांवरून ग्राहकाला स्वतःचं नख फिरवू द्या. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरायला सांगा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर ब्रेकचा दाब टिकत नाही हे त्याच्या पायालाच कळेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. धोक्याची कामं आणि साधी कामं एका यादीत घालू नका. व्हॉल्व्ह कव्हरची ओल, फाटलेलं मॅट, ढिला बंपर याच यादीत दिसला की ग्राहकाला वाटतं, हा बिल वाढवतोय, आणि मग बॉल जॉइंटवरचाही विश्वास जातो.

कामाचा क्रम असा ठेवा. एकट्या डाव्या चाकाचेच पॅड संपले असतील, तर त्या कॅलिपरची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) जाम असण्याची शक्यता मोठी. ती मोकळी करून ब्रेकचंच ग्रीस लावा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील. पॅड दोन्ही बाजूंचे बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मोजून त्याखाली असेल तर दोन्ही डिस्क नव्या टाका. मागे दोन्ही व्हील सिलिंडर आणि लायनर (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे पट्टे) बदला. ऑइल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायची पद्धत अजून दिसते, ती सोडा. तापले की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. टायर सगळ्यात शेवटी : आधी जॉइंट, मग टायर, मग अलाइनमेंट. उलटं केलंत तर नव्या टायरची आतली कडही खाल्ली जाईल. नवे पॅड डिस्कशी घासून नीट जुळेपर्यंत पहिले दोनेकशे किलोमीटर सपाट रस्त्यावर, हलक्या ब्रेकने चालवायला सांगा.

एवढं ऐकूनही नाही म्हणाला, तर जॉबकार्डवर प्रत्येक दोष मराठीत स्वच्छ लिहा, ‘गाडी रस्त्यावर चालवण्यास असुरक्षित, दुरुस्ती ग्राहकाने नाकारली’ अशी ओळ घाला आणि तारीख, वेळ, किलोमीटर लिहून सही घ्या. नंबर प्लेटसह फोटो त्याच्या फोनवर पाठवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, माहीत असलेल्या धोकादायक दोषासह गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि त्यातून अपघातात कुणी जखमी झालं तर कैदही होऊ शकते, हे त्याला शांतपणे सांगा. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत फिटनेससाठी हीच कामं करावी लागणार आहेत, हेही सांगा. गाडी न्यायचीच असेल तर फ्लॅटबेडवर (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर) न्यायला सांगा. पैशांची अडचण असेल तर एसी पुढे ढकलू द्या. मुंबईच्या लग्नाला पंचवटी एक्स्प्रेसनेही जाता येतं.

प्रश्न : सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना पेडल एकदम तळाला गेलं. हँडब्रेकने गाडी बाजूला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा ठीक! आता काहीच त्रास नाही. दुर्लक्ष करू का? (गंगापूर रोड)

उत्तर : मुळीच नको. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. उतारभर पाय ब्रेकवर राहिला की कॅलिपर तापतो, ऑइलची वाफ होते आणि दाबलं तरी वाफच दबते. थंड झालं की पेडल परत येतं. (पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा पॅड तापलेले असतात. तो बिघाड वेगळा.)

ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. छोट्या गाडीला एक लिटर पुरतं. सीलबंद बाटली घ्या, उरलेली ठेवून देऊ नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. चारही चाकांवर नवं ऑइल येईपर्यंत लाइनमधली हवा काढा आणि मधे डबा रिकामा होऊ देऊ नका. पुढे दर दोन वर्षांनी बदला. होसेसची रबरं आणि मास्टर सिलिंडरही याच वेळी तपासून घ्या.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं फार घातक : दोन-तीनदा पेडल दाबलं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरची ताकद संपते आणि स्टिअरिंगही जड होतं.

प्रश्न : मामांची गाडी चार वर्षं पार्किंगमध्येच उभी होती. फक्त १२,००० किलोमीटर, टायरची नक्षी नव्यासारखी. चालवू का? (इंदिरानगर)

उत्तर : नक्षी बघून ठरवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असली तरी बाजूच्या रबराला बारीक भेगा दिसल्या की टायर बाद. स्टेपनीही बघा. डिस्कवरचा तांबूस गंज थोड्या ब्रेकनेच निघतो, त्याची काळजी नको. पण हँडब्रेक लावून उभी असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ओढाताण करून चालवू नका, ड्रम उघडूनच सोडवा.