सतरा नावांची यादी

गणपती गेले की माझ्याकडे टी.वाय.ची मुलं यायला लागतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: एम.एस्सी.साठी, पुढे पीएच.डी.साठी फॉर्म नेमके कुठे कुठे भरायचे? मोठ्या ठिकाणी भरला आणि नाही झालं तर? जवळच भरला आणि नंतर हळहळ वाटली तर?

मालवणची एक मुलगी अशीच वडिलांबरोबर आली होती. (घरच्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विषय केमिस्ट्री, मार्क चांगले. वहीत सतरा संस्थांची नावं, एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, क्रमवारीप्रमाणे एकाखाली एक उतरवलेली. "मॅडम, यातली कुठली गाळू?" वडील ट्रॉलरवर तांडेल. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या सगळा बरा आसा मॅडम, पण वरीस फुकट गेला तर?"

आधी आम्ही यादीच नीट पाहिली. सतरापैकी अकरा नावांची वाट एकच होती, जॅम. फेब्रुवारीतली तीन तासांची एक परीक्षा, आणि त्याच गुणांवर आयआयटी, बऱ्याच एनआयटी, बंगळूरची आयआयएससी. म्हणजे ते अकरा फॉर्म नव्हतेच, परीक्षेचा फॉर्म एकच होता. हे कळल्यावर पोर जरा मोकळी झाली. नावांच्या लांबीनेच मुलं घाबरतात; दारं मोजायला बसलं की चार-पाचच निघतात. इंजिनिअरिंगच्या मुलांचंही तेच. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण पहिल्याच वर्षी घाई करून नको तिथे प्रवेश घेऊन बसतात.

मग विचारलं, "तुला करायचंय काय?"

"रिसर्च."

"कशात?"

ती वहीकडे बघत राहिली. मी वडिलांकडे वळले. ही घरी असते तेव्हा काय करते? ते म्हणाले, "जून-जुलयत बोट वर काढली की हीच आसता माझ्यावांगडा."

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हाच बोटीचं बूड खरवडायचं, रंग द्यायचा आणि पंख्याजवळ लावलेल्या जस्ताच्या पाट्या बदलायच्या. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की जस्त आधी झिजतं, आणि त्याच्या झिजण्यावर पंखा नि शाफ्ट वाचतात. कॉलेजात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत तिने हे वाचलं होतं, पण पाहिलं होतं त्याच्या कितीतरी आधी. "मॅडम, आमची पाटी वर्षभर जाते. शेजारच्या बोटीची सहा महिन्यांत संपते. पाणी तेच, बंदर तेच. असं का होतं?" त्यानंतर दहा मिनिटं तीच बोलत होती.

पुढच्या खेपेला ती एक जुनी पाटी घेऊन आली, वर्तमानपत्रात गुंडाळून. कडा खाल्लेल्या, मधे बोट जाईल एवढे खड्डे, बोल्टाच्या भोवती मात्र धातू जसाच्या तसा. सतरा नावांच्या वहीत जे नव्हतं ते माझ्या टेबलावर होतं.

मग क्रमवारी बाजूला ठेवली. यादीतल्या पहिल्या संस्थेच्या केमिस्ट्री विभागात कोण काय करतं ते आम्ही दोघींनी बसून वाचलं. गंजण्यावर काम करणारे एकच प्राध्यापक सापडले, आणि ते निवृत्त झालेले. उलट ज्या संस्था वहीत नव्हत्याच, त्या समोर आल्या. तमिळनाडूत कारैकुडीची सीएसआयआरची सेक्री, म्हणजे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची संशोधन संस्था, तिचं तुतिकोरिनला समुद्राच्या गंजण्यावरचं केंद्र. अंबरनाथची नौदलासाठी धातू आणि रंगांवर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. आणि गोव्यात दोना पावलाची एनआयओ, म्हणजे समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, मालवणहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता येईल इतकी जवळ. ही सगळी पीएच.डी.ची ठिकाणं. पण पुढे कुठे जायचंय ते दिसलं की एम.एस्सी. कुठे करायची हे ठरवणं सोपं होतं: जिथे फिजिकल केमिस्ट्री भक्कम आहे आणि शेवटच्या वर्षी खरा प्रोजेक्ट करायला मिळतो, तिथे. एम.एस्सी.ला मी संस्थेच्या नावापेक्षा या प्रोजेक्टला जास्त मान देते.

तिला एक काम दिलं. प्राध्यापकांना नंतर लिही, आधी तिथे शिकणाऱ्या मुलांना लिही. गाईड वेळ देतात का, पीएच.डी.ला किती वर्षं लागतात, आधीची मुलं आता कुठे आहेत, हे विचार. आठ मेल गेले, तीन उत्तरं आली. त्यातल्या एकाने इतकं मनापासून लिहिलं होतं की तिने त्या प्रयोगशाळेचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं.

वडिलांची काळजी पैशांची होती, आणि ती रास्तच होती. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००, असं सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "शिकताना?" आतापर्यंत पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षांची फी, असंच त्या घरात सगळे धरून चालले होते. परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला बहुतेक वेळा फी माफ होते आणि वेतनही मिळतं, पण अनेक विद्यापीठांत एकेका अर्जालाच ७५ ते १०० डॉलर जातात. तिने तो विचार एम.एस्सी.नंतरसाठी ठेवला, आणि मला ते पटलं.

एक गोष्ट मात्र मी तिला सोडू दिली नाही. आयआयएससीचं नाव तिने गाळलं होतं. कारण? "नाही झालं तर वाडीत सगळे विचारतील." जॅम ती देणारच होती. त्याच गुणांवर आणखी एका ठिकाणी अर्ज करायला लाज कसली? नाव परत आलं. हाताशी असावं म्हणून मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी.ही ठेवली. एकूण सहा.

आयआयएससी झालं नाही. तिसऱ्या क्रमांकावरचं मिळालं, एक एनआयटी. पहिला महिना जड गेला, जेवण आणि भाषा दोन्हींमुळे. आईचे मला दोन फोन आले.

आता ती तिसऱ्या सत्रात आहे. प्रोजेक्ट जस्ताच्या मिश्रधातूंवर. डिसेंबरच्या नेटचं विचारायला गेल्या आठवड्यात फोन केला, आणि पीएच.डी.ची नवी यादी मोबाइलवर पाठवली. पाच संस्था. या वेळी प्रत्येक संस्थेपुढे एका माणसाचं नाव होतं, आणि त्याच्या कुठल्या कामासाठी जायचंय याची एक ओळ.