तीच नदी, तीच होडी

"आई सारखी जुन्यातच रमलेली असते हो. तेच तेच सांगते. विसरण्याच्या आजाराची सुरुवात तर नसेल ना?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की फोनवर 'आई' आणि 'तेच तेच' हे शब्द कानावर पडले की पुढचं वाक्य मीच पूर्ण करू शकते. कधी आईच्या जागी सासूबाई असतात, कधी वडील. विचारणारी व्यक्ती बहुधा पन्नाशीतली असते, दमलेली, आणि विचारताना जरा ओशाळलेली. आईबद्दल तक्रार करतोय असं तिला वाटत असतं. म्हणून एका मायलेकींची हकिकत सांगते. दोघींनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल ते सगळं बदललंय. सातपुडा तेवढा तसाच ठेवलाय, कारण तो काढला तर गोष्टच उरत नाही. सात महिन्यांच्या भेटी इथे चार-दोन प्रसंगांत आटोपते.

आधी लेक एकटी आली. बँकेत अधिकारी, वय पंचावन्न. पर्समधून छोटी डायरी काढून तिने माझ्यासमोर ठेवली. आईने कुठली गोष्ट कितीदा सांगितली त्याच्या खुणा होत्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. "एप्रिल महिन्यात होडीची गोष्ट अकरा वेळा," ती म्हणाली. हे मोजण्याचं वळण कुठून आलं, ते मला फार नंतर कळलं.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. गॅस चालू राहतो का? रोजच्या रस्त्यावर चुकतात का? पाच मिनिटांपूर्वी विचारलेलं पुन्हा विचारतात का? पैशांचा हिशेब?

"छे! वीजबिल अजून तीच भरते, मोबाईलवरून. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाची तारीख मी विसरले होते, तिने आठवण केली."

"मग त्रास कसला होतो?"

"त्रास म्हणजे... ती इथे नसतेच ना. घरात असते, पण इथे नसते."

'इथे नसतेच' हे शब्द मी वहीत लिहून खाली रेघ मारली. का मारली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांनी हात आपोआप चालतो.

तरीही आधी तपासण्या करून घ्यायला सांगितल्या, आणि हे प्रत्येकालाच सांगते. बी-१२ कमी असणं, थायरॉईडचा बिघाड, ओळखू न आलेलं नैराश्य, या सगळ्यांत माणूस विसराळू दिसतो आणि उपचारांनी बरंच सुधारतं. कान तर नक्कीच तपासा. ज्याला कमी ऐकू येतं, त्याला दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा स्वतःचं बोलणं सोपं जातं, आणि घरच्यांना वाटतं की हा माणूस कुणाला बोलूच देत नाही. या बाईंचा डावा कान मंदावला होता. स्मरणशक्तीच्या चाचणीत मात्र त्यांनी डॉक्टरांनाच एक दुरुस्ती सुचवली म्हणे.

पुढच्या भेटीत आई आल्या. वय सत्त्याहत्तर, सुती साडी, पदर पिनने पक्का, मनगटाच्या आतल्या बाजूला चावीचं जुनं घड्याळ. मी 'आजी' म्हटलं तर म्हणाल्या, "आजी घरी आहेच. इथे सिस्टर म्हणा, बरं वाटतं."

सिस्टर १९६८ साली नर्स म्हणून सरकारी नोकरीत लागल्या आणि काही वर्षांत त्यांची बदली धडगावच्या बाजूला झाली. अक्राणी महाल, तेव्हाचा धुळे जिल्हा, आताचा नंदुरबार. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं तर एक डोंगर उतरायचा आणि दुसरा चढायचा. आजाऱ्याला बांबूला गोधडीची झोळी बांधून आणायचे. यजमान एसटीत कंडक्टर, त्यांची ड्यूटी धुळ्याहून. लेक चार वर्षांची, ती चाळीसगावला आजीजवळ.

मी म्हटलं, "होडीची गोष्ट सांगता?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. १९७४ चा पावसाळा सरत आला होता. देवीच्या रुग्णांची शोधमोहीम चालू होती. देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड घेऊन घरोघर फिरायचं, "असं कुणाला झालंय का?" विचारायचं, आणि दोन टोकांच्या सुईने पंधरा टोचे मारून लस द्यायची. नर्मदेकाठच्या एका पाड्यावर पोराच्या अंगावर फोड आल्याची खबर आली. पायवाट वाहून गेलेली. एक म्हातारा नावाडी तयार झाला. मध्यावर होडीत पाणी शिरलं. लसीचा डबा डोक्यावर धरून सिस्टर गुडघाभर पाण्यात उभ्या, म्हातारा एका हाताने वल्हवतोय, दुसऱ्याने डब्याने पाणी उपसतोय. "पोहता येतं का बाई, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मला पण नाही!" कसेबसे पोचले, चढण चढून पोराला पाहिलं. "आणि काय सांगू तुम्हाला, एवढी नदी ओलांडून गेले, तर निघाल्या कांजण्या!"

इथे त्या पोटभर हसल्या. मीही हसले. त्यानंतरच्या मे महिन्यानंतर देशात देवीचा स्थानिक रुग्ण सापडला नाही, हे त्यांनी सांगितलं ते अशा थाटात, की जणू शेवटचा टोचा त्यांनीच मारला होता. मारायला हवा होता, असं मलाही वाटून गेलं.

मग मी एक चूक केली. आवाज मऊ करून म्हटलं, "सिस्टर, हल्ली घरात एकटं वाटतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवख्या डॉक्टरकडे पाहत असतील. "एकटं कशाला वाटेल? घर भरलेलं आहे. मी तेच तेच सांगते म्हणतात ना? मला रोज दोनच प्रश्न विचारतात, जेवलीस का आणि गोळी घेतलीस का. ते तेच तेच नाही होय? आणि मी जुन्यात राहते म्हणतात. अहो, त्या काठावरची कितीतरी घरं धरणाच्या पाण्यात गेली. मी जाऊ म्हटलं तरी कुठे जाऊ? ती माणसं, तो घाट, होळीला रात्रभर घुमणारे ढोल, हे आता माझ्या तोंडातच आहे."

सरदार सरोवराच्या पाण्याची झळ अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या ३३ गावांना बसली, हे मी वर्तमानपत्रांत वाचलं होतं. जिथे लस टोचली ते अंगणच पाण्याखाली असलेली बाई पहिल्यांदा समोर बसली होती.

इथे माझा कल कुठे आहे ते सांगून टाकते. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं, की उतारवयात माणूस आयुष्य पुन्हा उलगडून पाहतो ते स्वाभाविक आणि आवश्यक काम आहे. तोवर आठवणींत रमणं म्हणजे बुद्धी ढासळल्याचं लक्षण, असंच बरेच जण धरून चालत. माझी सगळी प्रॅक्टिस बटलरच्या बाजूची आहे, आणि गोळ्यांनी आठवणी थांबवा म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी भांडलेही आहे. शिवाय दहा ते तीस या वयातल्या आठवणी आपल्याला जास्त ठळक राहतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. पहिली नोकरी, पहिलं धाडस, पहिलं मूल, सगळं त्याच काळातलं. तुमची आई पंचवीस वर्षांच्या वयाकडेच का वळते, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पण ऐकणाऱ्याच्या जिवाची इतकी घालमेल का होते, ते यात येत नाही. त्यासाठी मला दोघींना एकत्र बसवावं लागलं.

चौथ्या की पाचव्या भेटीत मी लेकीला म्हटलं, "आज होडीची गोष्ट तुम्ही सांगा."

"मी?"

"अकरा वेळा ऐकलीय ना एका महिन्यात?"

ती नाराजीने सुरू झाली आणि दोन वाक्यांत रंगली. आई कुठे थांबते, नावाड्याचा आवाज कसा काढते, डबा डोक्यावर कसा धरते, सगळं जसंच्या तसं. सिस्टर ओठ हलवत बरोबरीने म्हणत होत्या. 'निघाल्या कांजण्या' आलं, त्या हसल्या. लेक हसली नाही. ती पुढे बोलत राहिली.

"आणि त्याच आठवड्यात चाळीसगावला मला मुदतीचा ताप होता. आजी कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवायची. मी विचारायची, आई कधी येणार? आजी म्हणायची, नोकरी आहे ना बाळा, काय करणार. पोटासाठी करावं लागतं. तूही पुढे तेच म्हणालीस. इलाज नव्हता. नेहमी तेच. इलाज नव्हता." थोडं थांबून म्हणाली, "मग ही गोष्ट सांगताना तू एवढी खूश कशी असतेस?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि त्या दिवशी ते मला जमलं.

सिस्टर घड्याळाशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "आजीचं पोस्टकार्ड आलं होतं. मी नदीवरून परत आले त्या दिवशी. ताप उतरला आहे, काळजी नसावी, असं होतं. कागद नव्हता म्हणून त्याच कार्डाच्या कडेला मी टोचलेल्या पोरांच्या रेघा मारल्या. चार उभ्या, एक आडवी." लेकीने मान वर केली. "रजा मागितली असती तर मिळाली असती. मोहिमेचे आठ दिवस राहिले होते. मला ते सोडायचे नव्हते. मला तिथे आवडायचं गं. तुझी आठवण यायची, रात्री रडायचे, आणि सकाळी उठून चालायला लागले की पुन्हा आवडायचं. पण असं आईने म्हणायचं नसतं ना? म्हणून इलाज नव्हता म्हणत राहिले."

मला वाटलं, आता लेक उठून जाईल. ती रडली, पण वेगळंच. म्हणाली, "एवढं एक वाक्य ऐकायला मला पन्नास वर्षं लागली. मला कायम वाटायचं, तू माझ्यापासून काहीतरी लपवतेस. आवडत होतं, एवढंच होतं होय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलांना दुखू नये म्हणून आईवडील 'नाइलाज होता' म्हणतात, हे मी शेकडो वेळा ऐकलंय आणि त्याला समंजसपणा म्हणत आलेय. पण मुलं शब्द ऐकत नाहीत, चेहरा वाचतात. चेहऱ्यावर आनंद आणि तोंडी नाइलाज, यातला मेळ त्यांना लागत नाही, आणि तो न लागलेला मेळ ती म्हातारपणापर्यंत घेऊन चालतात. लेकीला आईचं तेच तेच सांगणं खुपत नव्हतं. ज्या गोष्टीत आई सगळ्यात जास्त खूश आहे, त्या गोष्टीत आपण नाही, हे खुपत होतं. 'इथे नसतेच' खाली रेघ मारली होती ती यासाठी. आईवडिलांना आपल्यावाचून सुख मिळालं होतं, हे पचवणं कुठल्याही वयात जड जातं. माझ्या तरी अनुभवात, 'तेच तेच' म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं आईत कमी आणि या जागी जास्त असतं.

आता तुमच्या घरातलं. काळजी कधी करायची? गोष्टीचे तपशील गळायला लागले, माणसांची सरमिसळ होऊ लागली, आत्ता सांगून संपलेली गोष्ट पाच मिनिटांत नव्याने सुरू झाली, ओळखीचा रस्ता चुकला, औषधं दोनदा घेतली गेली, किंवा आई खरोखरच बॅग भरून ड्यूटीवर निघाली, तर वाट पाहू नका, न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. आठवण गोड नसून कुरतडणारी असेल, एकच अपमान किंवा एकच मृत्यू फिरून फिरून येत असेल, झोप-भूक गेली असेल, तरीही दाखवा. सिस्टर आणीबाणीतल्या नसबंदीच्या ऑपरेशनच्या टार्गेटबद्दलही बोलत, आणि त्यात हसू नसे. आठवणींत असं कडू-गोड दोन्ही येत असेल तर मी निश्चिंत असते. सगळंच गुळगुळीत असेल तर मला जास्त शंका येते.

आणि या दोन्हींतलं काही नसेल, तर 'हे सांगून झालंय' म्हणू नका. सालं दुरुस्त करू नका, परीक्षा घेतल्यासारखं 'आठवतंय का?' विचारू नका. त्याऐवजी कधीच न विचारलेलं काहीतरी बारीकसं विचारा. पायात काय होतं? डब्यात काय नेलं होतंस? रात्री दिवा कसला? सांगणाऱ्याची गोष्ट घासून गुळगुळीत झालेली असते, कारण ऐकणारा पन्नास वर्षं एकाच जागी 'हं' म्हणत आलेला असतो. आणि रोज ऐकायचं बळ नसेल तर तसं सरळ सांगा, "आई, आज डोकं दुखतंय, रविवारी ऐकते," आणि रविवारी खरंच बसा. नातवंडांना मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावा असं सगळेच सुचवतात. करा हवं तर. पण रेकॉर्डिंग प्रश्न विचारत नाही.

भेटी थांबल्यावर महिन्याभराने लेकीचा मेसेज आला. काल रात्री पुन्हा होडी. या वेळी तिने विचारलं होतं, "आई, नावाड्याला पैसे किती दिलेस?"

"घेतलेच नाहीत. पलीकडे पोचल्यावर माझं मनगट कानाला लावलं, बराच वेळ घड्याळाची टिकटिक ऐकली, आणि गेला."

खाली लेकीने लिहिलं होतं: घड्याळ पहिल्यांदा आलं.