पीएफ काढून क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडावं का?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकाचा आहे. त्यांचं वय ४३, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत १५ वर्षं नोकरी, हातात येणारा पगार ६८,००० रुपये आणि घराचा हप्ता १९,०००. दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील नव्हते, त्यामुळे बहुतेक खर्च दोन क्रेडिट कार्डांवर गेला. आज दोन्ही मिळून ३,७५,००० रुपये बाकी आहे. दरमहा किमान रक्कम, साधारण १८,७५० रुपये, ते न चुकता भरतात, पण बाकी खाली येत नाही. पीएफमध्ये ११,४०,००० रुपये आहेत, पीपीएफमध्ये २,९०,००० आणि ७०,००० रुपयांची एक मुदत ठेव. पत्नीच्या दागिन्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. पीएफमधून चार लाख काढून कार्डं एकदाची मिटवू का, असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: कर्जाचा पूर्ण आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

सप्रेम नमस्कार.

बाकी का हलत नाही, ते आधी पाहू. तुमच्या दोन्ही कार्डांचा दर सरासरी महिना साडेतीन टक्के आहे. ३,७५,००० वर महिन्याचं व्याज होतं १३,१२५ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २,३६२. एकूण साधारण १५,४९०. तुम्ही भरलेल्या १८,७५० मधून मुद्दलात जेमतेम ३,२६० रुपये जमा होतात. मग हात आखडतो म्हणून महिनाअखेरीचा तीन हजारांचा किराणा त्याच कार्डावर जातो आणि बाकी पुन्हा जिथल्या तिथे येते. शिवाय मागची बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. जीएसटी धरून वर्षाचा दर ४९ टक्क्यांच्या पुढे जातो. या दराला कायद्याचा आधार मिळेल अशी आशाही आता धरू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं गैर ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

म्हणून हे कर्ज असंच चालू ठेवणं हा पर्याय मी विचारातच घेत नाही. ते या महिन्या-दोन महिन्यांत संपलंच पाहिजे. ते कोणत्या पैशाने संपवायचं एवढंच ठरवायचं आहे.

पीएफवर २०२४-२५ साठी सव्वाआठ टक्के व्याज मिळालं. सव्वाआठ टक्के मिळवणारा पैसा बाजूला ठेवून एकोणपन्नास टक्के भरत राहायचं, याला हिशेबाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही, आणि तुम्हाला पीएफ आठवला यात काही चुकलेलं नाही. तुमची पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झाल्यामुळे काढलेल्या रकमेवर प्राप्तिकराचाही प्रश्न येणार नाही. तरीही पहिला हात पीएफला लावू नका, असं मी सांगणार आहे. का, ते सविस्तर लिहितो.

क्रेडिट कार्डाचं कर्ज विनातारण असतं. उद्या काही विपरीत घडलं, नोकरी गेली, हप्ते थकले, तर बँक नोटीस पाठवेल, वसुलीचे फोन येतील, कदाचित दावाही होईल. पण तुमच्या पीएफला ती हात लावू शकत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने हा पैसा न्यायालयाच्या जप्तीच्या हुकुमापासूनसुद्धा बाहेर ठेवलेला आहे. पगारदार माणसाच्या आयुष्यात इतका सुरक्षित पैसा जवळजवळ दुसरा नसतो. तो एकदा बाहेर काढून बँक खात्यात आला की हे संरक्षण संपतं. ज्या सावकाराला कायद्याने या पैशापर्यंत पोचता येत नाही, त्याच्या हातात तुम्ही तो स्वतःहून नेऊन देणार आहात. दुसरा मार्ग नसेल तर तेही करावं लागतं. तुमच्याकडे मार्ग आहेत.

निवृत्तीनंतरचं चित्रही बघा. ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेची, पेन्शन १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर मोजली जाते. तुमची ५८ व्या वर्षी ३० वर्षं सेवा झाली, आणि २० वर्षांपुढच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तरी आजच्या सूत्राने महिन्याला सात हजारांच्या आतच रक्कम बसते. म्हातारपणाचा खरा आधार पीएफची रक्कमच असणार. सव्वाआठ टक्के दर टिकला असं धरलं, तर आज काढलेले चार लाख १५ वर्षांनी १३ लाखांच्या पुढे गेले असते.

आता पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. पीएफ काढताना कोणाला काही सांगावं लागत नाही. घरबसल्या पोर्टलवर अर्ज करायचा, पैसे खात्यात येतात. ना जामीनदार, ना घरात चर्चा. कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज घ्यायचं तर बरोबरीच्या दोघांना जामीन राहायची गळ घालावी लागते, आणि पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते. आईच्या उपचारासाठी झालेलं कर्ज लपवण्यासारखं नाही. पण तुम्ही दोन वर्षं ते एकट्याने वाहिलंत, आणि आता असा मार्ग शोधताय ज्यात कोणाला कळणार नाही. मला याचीच काळजी वाटते. घरात आकडा माहीत नसेल तर घराचा खर्च त्या आकड्याप्रमाणे बदलत नाही. कार्डं रिकामी होतील, किराण्याची तीन हजारांची तूट तशीच राहील, आणि रिकामं कार्ड खिशात असेल. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांपैकी ज्यांनी गुपचूप पीएफ काढून कार्ड फेडलं, त्यांतले बरेच जण दुसऱ्यांदा आले तेव्हा कार्ड पुन्हा भरलेलं होतं आणि पीएफ अर्धा झालेला होता.

मी सुचवतो तो मार्ग असा. मुदत ठेवीतले ४०,००० काढा, ३०,००० अडीअडचणीला राहू द्या. पीपीएफ खातं तुम्ही २०१५ मध्ये उघडलंय, त्यामुळे अंशतः रक्कम काढता येते. चौथ्या मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरची शिल्लक आणि लगतच्या मागच्या वर्षाच्या अखेरची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्म्यापर्यंत. तुम्ही पाठवलेल्या पासबुकाप्रमाणे ती कमी शिल्लक १,९०,००० आहे, म्हणजे ९५,००० मिळतील. पीपीएफ हीसुद्धा निवृत्तीची पुंजी आहे आणि तिलाही जप्तीपासून संरक्षण आहे, हे मला मान्य. पण तिचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, पीएफपेक्षा कमी, आणि काढलेली रक्कम वर्षाच्या दीड लाखाच्या मर्यादेत आपल्या सवडीने परत भरता येते. शिवाय काढता येते ती रक्कम नियमानेच मर्यादित आहे. मोह कितीही झाला तरी खातं रिकामं होत नाही.

उरले २,४०,०००. ते कंपनीच्या पगारदार पतसंस्थेतून घ्या. तुम्ही सभासद आहात आणि तिथे घटत्या शिलकीवर १२ टक्के दर असल्याचं तुम्हीच कळवलंय. दोन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण ११,३०० रुपये आणि एकूण व्याज ३१,००० च्या आसपास. भागभांडवलापोटी कर्जातून काही कापून घेणार असतील तर ते आधी विचारा आणि तेवढी रक्कम अर्जात वाढवा, नाहीतर ऐन वेळी कार्डाची थोडी बाकी शिल्लक राहील.

आज तुम्ही १८,७५० भरताय. पतसंस्थेचा हप्ता गेल्यावर त्यातले ७,४५० उरतात. ३,००० किराण्याला द्या, म्हणजे कार्ड काढायची वेळ येणार नाही. राहिलेल्या ४,४५० मधून आधी मुदत ठेवीचे ४०,००० भरून काढा, त्याला नऊ महिने लागतील. नंतर तेच पैसे पीपीएफमध्ये. चोविसाव्या महिन्यात पतसंस्थेचं कर्ज संपेल तेव्हा पीपीएफचे अठ्ठावीस हजार तेवढे भरायचे राहतील, आणि हप्ता सुटल्यामुळे तेही पुढच्या दोन महिन्यांत भरले जातील. खिशातून आजच्यापेक्षा एक रुपयाही जास्त जाणार नाही.

तुम्ही हिशेबी माणूस आहात, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. हेच २,४०,००० पीएफमधून काढले आणि पतसंस्थेच्या हप्त्याच्याच शिस्तीने व्हीपीएफमधून, म्हणजे पीएफची कपात स्वेच्छेने वाढवून, दोन वर्षांत परत भरले, तर बुडालेलं व्याज साधारण २१,००० होईल. म्हणजे माझा मार्ग दहा हजारांनी महाग आहे. तरीही ते दहा हजार द्या असंच मी म्हणेन. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो, तो चुकवता येत नाही. पीएफ परत भरायला मात्र कोणी मागे लागत नाही, आणि व्हीपीएफचा आकडा अनेक कंपन्यांत आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बदलता येतो. मधल्या महिन्यांत ते पैसे कुठे गेले हे नंतर सांगता येत नाही.

तुमच्या सहकाऱ्याने पीएफच्या अर्जात ‘आजारपण’ असं कारण टाकायला सुचवलंय. ते अजिबात करू नका. आजारपण, शिक्षण, लग्न, घर ही कारणं योजनेत ठरलेली आहेत, आणि कार्डाची परतफेड त्यांत कधीच नव्हती. आईची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली, आज त्या कारणाने अर्ज करणं म्हणजे खोटी माहिती देणं. चुकीच्या कारणाने काढलेली रक्कम दंडव्याजासह वसूल होऊ शकते. पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पैसे काढण्याच्या १३ तरतुदी एकत्र करून तीन गट करायचं ठरवलं. त्यांतल्या ‘विशेष परिस्थिती’च्या गटात कारण द्यावं लागणार नाही, मात्र खात्यात २५ टक्के रक्कम ठेवावी लागेल. म्हणजे पीएफ काढणं पूर्वीपेक्षा सोपं होतंय. तुमच्या खात्याला काय लागू आहे ते पोर्टलवर दिसेल. पण सोपं झालंय हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

पतसंस्थेने नकार दिला तर ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे वैयक्तिक कर्ज विचारा. तिथे १४ टक्के पडले तरी ते कार्डाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहेत. तेही नाही झालं तर सोनेतारण. दागिने मोडायचे नाहीत हे मला पटतं, पण तारण ठेवणं म्हणजे मोडणं नव्हे, आणि ते दागिने वहिनींचे आहेत. तुम्ही त्यांच्या वतीने नाही म्हणून टाकलंत. त्यांना विचारलंत का? आकडा सांगितल्याशिवाय विचारताही येणार नाही, म्हणून सगळ्यात आधी घरी बसून दोन्ही बिलं त्यांच्यासमोर ठेवा.

हे सगळे मार्ग बंद झाले, तर मात्र पीएफमधून काढा, पण चार लाख नकोत, उरलेले २,४०,०००च, आणि तेही नियमात बसत असतील तरच. तेव्हा मनात अपराधीपणा ठेवू नका. ४९ टक्के भरत राहण्यापेक्षा ते नक्कीच बरं. बँकेकडून ‘सेटलमेंट’चा, म्हणजे थोडी कमी रक्कम घेऊन खातं मिटवण्याचा, फोन आला तर घाईने हो म्हणू नका. तुमचा एकही हप्ता थकलेला नाही, आणि ‘सेटल्ड’ हा शेरा सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, लागला की पुढची अनेक वर्षं कर्ज मागताना तो आड येतो.

पैसे हातात आले की त्याच दिवशी भरा. बिलावरचा आकडा भरून भागत नाही. बिल निघाल्यापासून भरणा होईपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, म्हणून बँकेला त्या दिवसाची संपूर्ण देय रक्कम विचारून घ्या. वार्षिक शुल्क असलेलं कार्ड लेखी अर्ज देऊन बंद करा. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. दुसऱ्या कार्डाची मर्यादा ३०,००० वर आणून घ्या आणि ते दुकानांच्या ॲपमधून काढून टाका.

शेवटी आईंबद्दल. त्या ७२ वर्षांच्या आहेत. ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. ‘वय वंदना’ कार्ड आधारवरून निघतं, उपचार मात्र अंगीकृत रुग्णालयातच घ्यावे लागतात. कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यात काढा, आणि घराजवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते लिहून ठेवा. कंपनीच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण होईल तेव्हा स्वतः हप्ता भरून आईंचं नाव घालता येतं का, हेही मनुष्यबळ विभागात विचारा. पतसंस्थेने काय सांगितलं ते कळवा, त्यांनी दर किंवा मुदत वेगळी दिली तर हप्त्याचा हिशेब मी पुन्हा करून देईन.